अर्ध्यावर तुटलेलं अपग्रेड तुम्ही पुरं करून दिलंत, त्याबद्दल

स. न. दादा,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातर्फे हे जाहीर आभार. आधी फोन केला असता, पण हे चार लोकांनी वाचावं असं वाटलं.

वाचनालयाच्या संगणकावर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड चालू असताना पावसात वीज गेली आणि यूपीएसही फार वेळ टिकला नाही. पुस्तकांच्या नोंदी, सभासदांची खाती, सगळं त्या एकाच संगणकावर. तुम्ही मुंबईहून फोनवर आधी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावलीत. मगच अर्धवट राहिलेली पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे, कॉन्फिगर करायची आज्ञा सांगितलीत. ती चालत असताना तुम्ही जे समजावलंत, त्याचं मोल मला दुरुस्तीहूनही जास्त वाटतं.

डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, जुन्या फाइलीवर नवी फाइल लिहीत नाही. शेजारी, ‘डॉट-डीपीकेजी-न्यू’ अशा शेपटीच्या नावाने ती पूर्ण लिहितो, डिस्कवर खरोखर उतरवून घेतो आणि मग एका झटक्यात नाव बदलतो. त्या नावाखाली एक तर अख्खी जुनी फाइल असते, नाही तर अख्खी नवी. ‘नवो दोर बांधल्याशिवाय जुनो सोडूचो नाय,’ असं तुम्ही म्हणालात आणि लख्ख कळलं. आधीपासून चालू असलेले प्रोग्राम मात्र जुनी फाइलच धरून बसतात, म्हणून लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइली) बदलल्या की ते पुन्हा सुरू करावे लागतात, हेही तेव्हाच उमगलं. आणि एकेक फाइल शाबूत असली तरी पॅकेज अर्धवट असू शकतं. हा फरक कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलात.

मध्येच सेटिंगची आपली फाइल ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न डीपीकेजीने विचारला, तेव्हा तुम्ही घाई करू दिली नाहीत. दोन्हींतला फरक वाचायला लावलात. आपली फाइल ठेवली तर नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ नावाने बाजूला राहते, नवी घेतली तर आपली ‘डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून उरते. हरवत काहीच नाही. आम्ही आपली ठेवली, बॅकअपच्या वेळा त्यातच होत्या.

सकाळी वाचनालय नेहमीच्या वेळेला उघडलं. एकही नोंद गेली नाही. समितीने सगळ्या सभासदांच्या वतीने तुमचे आभार मानले आहेत.

गणपतीला गावी याल तेव्हा जरूर या. नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला तरी जुना संगणक सुरू होतानाच्या बूट मेनूत राहतो, तो कधी काढायचा, हे मला तुमच्याकडून शिकायचं आहे.

आपली,
वाचनालयाची ग्रंथपाल