मासा जगला, पण त्याला दिसतंय का?

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

कारखान्याचे सांडपाणी सोडण्यालायक आहे का, हे ठरवताना आपल्याकडे माशाचीही साक्ष काढतात. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीप्रमाणे निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले, की ही कसोटी पार. जगलेल्या माशाला दिसते का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारले जावे, म्हणून हे पत्र.

निकोटीनचेच घ्या. पिकावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारायचा, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. निकोटीन किडीच्या चेतापेशींवरच्या ॲसिटिलकोलीन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाच्या जागा बळकावते. तशाच जागा माशाच्या दृष्टिपटलातही असतात. प्रकाशाचा संदेश मेंदूकडे निघतो तेव्हा वाटेत काही पेशी ॲसिटिलकोलीन सोडून तो घडवतात. तिथे निकोटीन घुसले की पेशी आधी चाळवतात आणि ते टिकून राहिले तर बधिर होतात. मासा तर त्याच पाण्यात श्वास घेतो. विष कल्ल्यांतून थेट रक्तात उतरते.

झेब्राफिश हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याचे पाच दिवसांचे पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचे, पण बघून शिकार करते. डोळ्यातल्या अतिनील प्रकाश टिपणाऱ्या पेशींमुळे पाण्यातला पॅरामेशियम हा सूक्ष्म एकपेशीय जीव त्याला उठून दिसतो. ही नजर अधू झाली तर पिल्लू चार दिवस तग धरेलही. पुढे ते उपाशी मरेल, आणि तोवर आपल्या अहवालावर सही होऊन गेलेली असेल.

नजर तपासणे अवघड नाही. काचेच्या थाळीखाली काळे-पांढरे पट्टे सरकवले की दिसणारे पिल्लू पट्ट्यांच्या दिशेने पोहू लागते. एक पडदा आणि एक कॅमेरा पुरतो. अधिक खोलात जायचे तर डोळ्यावर बारीक इलेक्ट्रोड टेकवून प्रकाशाच्या झोताला उठणारी विद्युतलहर मोजता येते. ९६ तासांच्या कसोटीला ही जोड द्या; सुरुवात तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यापासून करा.

सिगारेटचे थोटूक तर कुठल्याच कारखान्याच्या नळातून येत नाही. ते गटारातून नदीत जाते, त्यामुळे त्याला ही तोकडी कसोटीही लागत नाही. सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की लिटरभर पाण्यात साधारण एक ओढलेले थोटूक भिजले तर ९६ तासांत निम्मे मासे मरतात. याहून पातळ पाण्यात जे जगतात, त्यांच्या डोळ्यांचे काय?

१ जुलै २०२२ पासून आपण सिगारेटच्या पाकिटावरच्या प्लॅस्टिक वेष्टनावर बंदी घातली, हे चांगलेच केले. पाकिटाच्या आतला फिल्टरही सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच असतो, आणि निकोटीन घेऊन पाण्यात जातो तो हाच. त्याचे नाव बंदीच्या त्या यादीत घाला.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक