मनू, तुला पेट नाही, एमआरआयच का

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, की सगळ्यांचं पेट स्कॅन होतं आणि मलाच एमआरआय, म्हणजे पोटात बाळ आहे म्हणून कशीबशी भागवाभागव चाललीय, ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा काही बोललो नाही कारण निखिल शेजारी होता. पण सगळी नोकरी त्याच मशीनच्या काचेअलीकडे बसून काढलेला बाप आहे मी, एवढं तरी मला सांगता आलंच पाहिजे.

मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, आहे हे ठरलं. आता पसरलंय कुठवर तेवढंच बघायचंय. एकाच जागच्या गाठी असल्या तर स्टेज एक, छाती-पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त ठिकाणी असल्या तर दोन, वर आणि खाली दोन्हीकडे असल्या तर तीन, आणि लिव्हर, बोन मॅरो (हाडातला मगज) असल्या ठिकाणी गेलं तर चार. ही पद्धत १९७१ सालची, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरची, २०१४ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोच्या नावानं सुधारून घेतली. आकड्यापुढं ए किंवा बी लावतात, ताप येतो का, रात्री कपडे भिजतील एवढा घाम येतो का, सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं का यावरून. आता तुझं वजन वाढतंय ते बाळाचं, त्यामुळं त्या प्रश्नाला तसा अर्थ नाही, पण घामाचं मात्र डॉक्टरांना खरं सांग, या दिवसांत होतंच असं म्हणून सोडून देऊ नकोस. तुझी ती सवय आहे.

पेटमध्ये काय करतात तर रेडिओअ‍ॅक्टिव्ह फ्लोरिन लावलेली साखर शिरेतून देतात, आणि जिथं पेशी ती साखर जास्त खातात तिथं चमकतं. हॉजकिनला ते फार छान दिसतं, म्हणून एरवी पहिली पसंती पेटलाच, यात वाद नाही. पण ती साखर वारेतून बाळापर्यंत जाते आणि पेटबरोबर सीटी स्कॅनही काढतात, त्याचे एक्स-रे असतातच. म्हणून नको.

एमआरआयला रेडिएशन नाही, चुंबक आणि रेडिओ लहरी, बस. त्यात डिफ्युजन नावाचा एक प्रकार असतो, तो तुझ्या कामाचा. शरीरात पाण्याचे कण सारखे हलत असतात, पण लिम्फोमाच्या गाठीत पेशी इतक्या खेटून बसलेल्या असतात की पाण्याला सरकायलाच जागा नाही, संध्याकाळच्या दादरच्या लोकलसारखं, आणि जिथं पाणी अडलं तिथं फिल्मवर उठून दिसतं. पूर्वी हे डोक्याच्या स्कॅनलाच जास्त वापरायचे. जपानच्या तारो ताकाहारा यांनी २००४ मध्ये दाखवलं की श्वास न रोखता, आजूबाजूची चरबी वगैरे दाबून टाकून सगळ्या अंगाचं असं चित्र काढता येतं. ती चित्रं काळी-पांढरी उलटी करून ठेवली की पेटसारखीच दिसतात, आमच्याकडं नवीन आलेली पोरं पहिल्यांदा फसायचीच.

आता यातली मेख. चमकलं म्हणजे कॅन्सर असं नाही. साध्या गाठीही चमकतात, स्प्लीन (प्लीहा) तर नॉर्मल असून चमकते, आणि गरोदरपणात रक्त जास्त बनवायला लागतं म्हणून बोन मॅरोही थोडा उजळ दिसू शकतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट गाठीचं मापही बघतात, साधारण दीड सेंटीमीटरच्या वर गेली की संशयाची. फुप्फुसातलं बारीकसारीक एमआरआयला नीट दिसत नाही, तेव्हा पोटावर शिल्ड ठेवून छातीचा एक एक्स-रे सांगितला तर बिथरू नकोस. आणि मॅरोबद्दल शंका राहिली तर कमरेतून बोन मॅरो तपासायला सांगतील, दुखतं ते, खोटं कशाला बोलू.

रंगाचं इंजेक्शन, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, म्हणजे गॅडोलिनियम, तुला द्यायचं नाही. डिफ्युजनला ते लागतही नाही. कॅनडात ओंटारियोमध्ये १४ लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१६ ला छापून आलं, त्यात पहिल्या तीन महिन्यांत नुसता एमआरआय झालेल्यांच्या बाळांना जास्त धोका दिसला नाही, गॅडोलिनियमबद्दल मात्र काळजीचं निघालं. तुझे तर ते तीन महिने कधीच मागे पडले. तरी टेबलावर झोपायच्या आधी टेक्निशियनला तोंडानं सांग, गरोदर आहे, कॉन्ट्रास्ट नाही. फॉर्मवर लिहिलं असलं तरी सांग, फॉर्म सगळे वाचतातच असं नाही.

पाऊण ते एक तास लागेल. टेबल टप्प्याटप्प्यानं आत सरकतं, डोक्यापासून मांडीपर्यंत तुकडे काढून मग जोडतात. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, गरगरतं, म्हणून उजव्या कुशीखाली उशी मागून डावीकडं थोडं कलून झोप. मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं आईकडं दे. आवाज भयंकर असतो, कानात बोळे घे, आणि बझर हातात दिल्याशिवाय आत जाऊच नकोस. घाबरलीस तर दाब, कोणी हसत नाही.

एक गोष्ट मात्र हा एमआरआय सांगणार नाही. केमो चालू झाल्यावर ज्या गाठी उरतील त्या जिवंत आहेत की नुसते व्रण, ते पेटच चांगलं सांगतं, त्याचे एक ते पाच मार्क असतात. ते बाळंतपणानंतर. तुझ्या डॉक्टर म्हणाल्या तसं केमो पहिल्या तीन महिन्यांनंतर देता येते, आणि त्यासाठी आत्ता कुठं आणि किती एवढंच लागतं, ते यातून कळेल.

रिपोर्ट हातात आला की गूगल करत बसू नकोस, नुसता फोटो काढूनही पाठवू नकोस, त्यातून काही कळत नाही. सीडी माग, सगळ्या इमेजेस असलेली, आणि बायोप्सीचा रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फाईल बरोबर ने. मी आणि आई बुधवारी सकाळच्या शिवनेरीनं निघतोय, आईनं मेथीचे लाडू बांधलेत, साखर कमी घातलीय असं तिचं म्हणणं आहे.

तुझा
बाबा