'सुरक्षा' कोणाची आणि 'सुरक्षितता' कशाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एका कारखान्यातील अपघाताची पाच-सहा ओळींची बातमी होती. प्रेस मशीनमध्ये हात सापडून कामगार जखमी झाल्याचे सांगितल्यावर शेवटी 'सुरक्षा अधिकाऱ्यांनी घटनास्थळाची पाहणी केली' असे वाक्य होते. हे अधिकारी म्हणजे त्या कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर, सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर की गेटवरच्या वॉचमन मंडळींचे प्रमुख, यावर आम्हा निवृत्तांच्या सकाळच्या बैठकीत अर्धा तास वाद झाला आणि बातमी तीनदा वाचूनही तो मिटला नाही. यात आपल्या बातमीदाराला मी दोष देत नाही. 'सुरक्षा' या एकाच शब्दाच्या डोक्यावर आपण सर्वांनी मिळून इतकी ओझी दिली आहेत, की तो नेमके कोणते ओझे वाहतो आहे हे ओळखणे कठीण झाले आहे.

कुपवाड एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात (हजेरी ठेवणाऱ्या कार्यालयात) मी एकतीस वर्षे काढली. अक्षर बरे असल्यामुळे नोटीस बोर्ड माझ्याकडे होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १०८ प्रमाणे कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावा लागे, म्हणून मराठी कागद तयार करण्याचे कामही माझ्याच टेबलावर येई. त्यामुळे या शब्दांशी माझी झटापट जुनी आहे.

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या वायुगळतीनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती नेमणे बंधनकारक ठरले. फाउंड्री या प्रक्रियांच्या यादीत असल्याने आमच्याकडेही समिती झाली. पहिल्या सभेची नोटीस मी मोठ्या झोकात लिहिली: 'सुरक्षा समितीची सभा दुपारी तीन वाजता कँटीनमध्ये होईल, संबंधितांनी वेळेवर उपस्थित राहावे.' तीन वाजता पाहतो तो पहिल्या पाळीचे दोन वॉचमन इस्त्रीचा गणवेश आणि टोपी घालून पुढच्या बाकावर बसलेले, आणि मोल्डिंग (साचे करणे) व फेटलिंग (ओतलेले भाग साफ करणे) या विभागांतून निवडलेल्या चार प्रतिनिधींपैकी एकाचाही पत्ता नाही. निरोप पाठवला तेव्हा एकाने सांगितले, 'ती मीटिंग गेटवाल्यांची हाय असं वाटलं.' पुढच्या महिन्यात मी नोटिशीत 'सेफ्टी कमिटी' असे लिहिले आणि चौघेही पाच मिनिटे आधी हजर झाले.

हा घोळ आमच्या कँटीनपुरता असता तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. केंद्रीय श्रम मंत्रालयाने ४ मार्च १९६६ रोजी कारखान्यांतील आणि इतर कामांवरचे अपघात टाळण्यासाठी जी संस्था स्थापन केली तिला मराठीत आपण 'राष्ट्रीय सुरक्षा परिषद' म्हणतो. देशाच्या संरक्षणविषयक धोरणासाठी १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली जी यंत्रणा उभी राहिली तीही 'राष्ट्रीय सुरक्षा परिषद'च. आणि नुसती 'सुरक्षा परिषद' म्हटले की वाचकाला संयुक्त राष्ट्रसंघ आठवतो. शिवाय सुरक्षा रक्षकांचे मंडळ वेगळे आणि निवृत्तिवेतन, विमा वगैरेंची 'सामाजिक सुरक्षा' आणखी वेगळी. पहिल्या संस्थेच्या स्थापनेचा दिवस 'राष्ट्रीय सुरक्षा दिन' म्हणून पाळला जातो. एका वर्षी त्या निमित्ताने शाळेत चित्रे काढायला सांगितली, तेव्हा माझ्या नातवाने बर्फातला जवान आणि मागे रणगाडा काढून बक्षीस मिळवले. हेल्मेट तेवढे दोन्हीकडे सारखे, असे म्हणून मी गप्प बसलो.

यावर नवा शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही, कारण मराठीत तो आधीपासून आहे. दुसऱ्याने येऊन राखायची ती सुरक्षा. यंत्र, जागा आणि कामाची पद्धत मुळातच अपाय होणार नाही अशी असणे ही सुरक्षितता. एसटीच्या आगारात 'सुरक्षितता मोहीम' असा फलक लागतो तेव्हा कोणाही चालकाला बंदूकधारी पहारेकरी आठवत नाही. यंत्राच्या पट्ट्याला संरक्षक झाकण आहे का, ग्राइंडरचे चाक तडकलेले नाही ना, टाकीत उतरण्यापूर्वी वायू तपासला का, हे सारे प्रश्न सुरक्षिततेचे आहेत. 'सुरक्षितता अधिकारी' आणि 'सुरक्षितता समिती' एवढा बदल केला तरी निम्मा गोंधळ संपेल. कारखान्याच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांपाशी, मात्र 'सेफ्टी' हाच शब्द चालतो आणि पुढेही चालेल. सेफ्टी शूजना सुरक्षा पादत्राणे म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नोटिशीत कामगाराला उमजणारा शब्द असावा एवढाच माझा आग्रह असल्याने 'सेफ्टी'लाही माझी हरकत नाही.

दुसरा शब्द 'व्यावसायिक' हा याहून महाग पडणारा आहे. आमच्याच फेटलिंगमध्ये एक सहकारी होते. ओतीव कामावरची वाळू आणि धातूचे कंगोरे ग्राइंडरने साफ करण्यात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. संध्याकाळी ते बाहेर येत तेव्हा भुवया आणि कानाच्या पाळ्या करड्या झालेल्या असत, आणि गळ्याभोवतीचा रुमाल झटकला की नळाजवळ धुळीचा लहानसा ढग उठे. त्यांना खोकला लागला. बरेच दिवस क्षयाचा संशय धरून औषधे चालली. मग एका कार्यालयाचा छापील मराठी अर्ज भरायचा होता म्हणून त्यांच्या पत्नी तो घेऊन माझ्याकडे आल्या. इतर सर्व रकाने त्यांच्या मुलाने नीट भरले होते; 'व्यावसायिक आजार असल्यास तपशील' हा रकाना तेवढा कोरा होता. मी विचारले तर त्या म्हणाल्या, 'भावजी, आमचा कुठला व्यवसाय? हे तर नोकरी करत्यात.'

त्या माउलीचे काय चुकले? आपल्याकडे व्यावसायिक म्हणजे दुकानदार, व्यावसायिक सिलिंडर हॉटेलचा, व्यावसायिक अभ्यासक्रम इंजिनिअरिंगचा. आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे 'सीतास्वयंवर' उभे केले त्या आमच्या सांगलीत तर व्यावसायिक म्हटले की आधी रंगभूमी आठवते. सिलिकायुक्त धुळीने फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिस या शब्दातून कोणाला दिसणार? कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, गोंगाटाने येणारा बहिरेपणा अशा आजारांची यादी होती आणि असा रुग्ण आढळल्यास कलम ८९ प्रमाणे कारखान्याने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही तो कळवणे बंधनकारक होते. कायद्याने इतकी तजवीज केलेली असताना अर्जातील एका विशेषणामुळे रकाना कोरा राहतो. तिथे 'कामामुळे झालेला आजार' असे साधे मराठी छापले तर काय बिघडेल? अभ्यासकांना भारदस्त शब्दच हवा असेल तर 'व्यवसायजन्य'पेक्षाही 'कामजन्य' मला बरा वाटतो, जरी तो कानाला थोडा खडबडीत लागतो. अहमदाबादची या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था 'व्यावसायिक आरोग्य' याच नावाने ओळखली जाते, त्यामुळे संस्थांची नावे बदला असे मी म्हणत नाही. बातमीत आणि अर्जात अर्थ सांगावा, एवढेच म्हणणे आहे.

कारखाने अधिनियमाच्या जागी आलेल्या नव्या 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०' या नावात तर दोन्ही शब्द शेजारीशेजारी बसले आहेत, आणि 'कार्यस्थिती' हा तिसरा सोबतीला आला आहे. तो वाचून मशीन चालू आहे की बंद असे कोणी विचारल्यासारखे मला वाटते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वी हजार कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमावा लागे; आता ती मर्यादा पाचशेवर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशेवर आणली आहे. म्हणजे हे पद आता अधिक कारखान्यांत दिसणार आणि आपल्या बातम्यांतही अधिक वेळा येणार. अर्थात कुपवाड-मिरजेच्या चाळीस-पन्नास माणसांच्या फाउंड्रीला या नेमणुकीची अट लागू पडत नाही; तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणजे सुपरवायझरच.

'श्रम' आणि 'संघटना' यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. १९१९ साली स्थापन झालेल्या जिनिव्हाच्या संस्थेला कोणी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना म्हणतो, कोणी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. दुसरे नाव ऐकून आमचे जुने युनियन पदाधिकारी तिची वर्गणी किती असते असे विचारत, कारण सांगलीत कामगार संघटना म्हणजे युनियन. प्रत्यक्षात तिथे सरकारे, मालक आणि कामगार अशा तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसतात. 'श्रम' हा शब्द केंद्राच्या हिंदीतून आपल्याकडे सरकला. राज्याचा विभाग अजून 'कामगार विभाग' आहे हे बरे, कारण मराठी माणसाला श्रमावरून आधी श्रमपरिहाराचे जेवण आठवते. तसेच बॉयलरचे. सरकारी कागदावर तो 'बाष्पके' होऊन बसला असला तरी साखर कारखान्याच्या निमंत्रणपत्रिकेवर दरवर्षी 'बॉयलर अग्निप्रदीपन' असेच छापले जाते आणि त्यात कोणाचेही अडत नाही.

आपणांस विनंती एवढीच, की अपघाताच्या बातमीत 'सुरक्षा अधिकारी' असे मोघम न लिहिता तो कारखान्याचा की शासनाचा हे लिहावे. शासनाचा असल्यास 'औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय' हे पूर्ण नाव देऊन, यालाच लोक फॅक्टरी इन्स्पेक्टरचे ऑफिस म्हणतात, असे एकदा तरी सांगावे. येत्या ४ मार्चला पुरवणी निघेलच. तिच्या एका कोपऱ्यात यंत्र, वायू, धूळ यांची तक्रार या संचालनालयाकडे, पगार थकल्याची कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे, उपचार आणि रजेच्या काळातील भत्त्याची ईएसआयकडे (कामगार राज्य विमा योजनेकडे), अशी चार ओळींची चौकट छापली तर ती कापून नोटीस बोर्डावर लावण्याची सोय आमच्या जुन्या टाइम ऑफिसात अजूनही आहे. टाचण्या मी देईन.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
कुपवाड, जि. सांगली