लेमिंग्टनच्या काकूंना

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

लेकीला शाळेत ‘आपलं गाव’ हा प्रकल्प मिळाला, तेव्हा इंग्लंडमधलं हे लेमिंग्टन स्पा म्हणजे आमच्या लेखी परेड या मुख्य रस्त्यावरची दुकानं, जेफसन गार्डन्स ही बाग आणि नवऱ्याची जवळच्या गेडनमधली जॅग्वार लँड रोव्हरची नोकरी, एवढंच होतं. टाटांनी 2008 साली जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं या भागात येत असतात. पुढे कुठे जायचं हे ठरलेलं नसलं की गावाची चौकशी करायचंही राहून जातं. तुम्ही मात्र वॉर्नफर्ड हॉस्पिटलात नर्स म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढलीत. ते हॉस्पिटल 1993 मध्ये बंद झालं, तरी तुम्ही गाव सोडलं नाहीत. लेकीच्या वहीत पहिलं पान तुमच्यामुळे भरलं.

पुस्तकातला इतिहास तुम्ही थोडक्यात आटोपलात. 1801 च्या जनगणनेत इथे अवघी 315 माणसं होती. त्याआधी 1784 मध्ये विल्यम ॲबट्स आणि बेंजामिन सॅचवेल यांना खाऱ्या पाण्याचा दुसरा झरा सापडला, 1814 मध्ये पंप रूम्स उघडल्या, बडी मंडळी औषधी पाणी प्यायला आणि डुंबायला येऊ लागली, आणि 1838 मध्ये व्हिक्टोरिया राणीने गावाच्या नावापुढे ‘रॉयल’ लावायची परवानगी दिली. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. पण सॅचवेल हा मूळचा चांभार होता, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशा आजाऱ्यांनाही या पाण्याचा लाभ व्हावा म्हणून त्याने धर्मादाय निधी उभा केला, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. ‘माझं हॉस्पिटल त्याच वाटेवरचं,’ म्हणालात. 1872 मध्ये जगातला पहिला लॉन टेनिस क्लब इथेच निघाला आणि हॅरी जेम व पेरेरा या खेळाच्या आद्य शौकिनांबरोबर तो काढणाऱ्यांत वॉर्नफर्डचे दोन डॉक्टर होते, हेही तुम्ही अशा थाटात सांगितलंत की जणू ते तुमच्याच वॉर्डातले!

टाउन हॉलसमोरच्या राणीच्या पुतळ्यापाशी तुम्ही लेकीला खाली वाकायला लावलंत. चौथऱ्यावरच्या पाटीवर लिहिलंय की 14 नोव्हेंबर 1940 रोजी जर्मन बॉम्बने हा पुतळा एक इंच सरकला. त्याच रात्री शेजारचं कॉव्हेंट्री जळत होतं. लेकीने दगडावर बोट ठेवून एक इंच म्हणजे किती ते मोजलं. दुसऱ्या महायुद्धाचा धडा तिने शाळेत वाचला होता, पण त्या रात्रीबद्दल तिने पहिल्यांदा प्रश्न विचारले ते तिथे, फुटपाथवर बसून. पुढे जेफसन गार्डन्समधल्या चेकोस्लोव्हाक सैनिकांच्या स्मारकापाशी तिने तिथल्या पॅराशूटच्या आकृतीवर कोरलेली नावं एकेक करून वाचली. हायड्रिख या क्रूर नाझी अधिकाऱ्यावर हल्ला करायला गेलेले तरुण याच परिसरातल्या छावणीत राहिले होते, हे कळल्यावर ती बराच वेळ तिथून हलली नाही.

खरे आभार मात्र मला पुढच्या गोष्टीचे मानायचे आहेत. माणसांना बोलतं कसं करायचं, ते तुम्ही शिकवलंत. ‘तेव्हा कसं होतं हो, असं विचारू नकोस. डब्यात काय असायचं ते विचार. पगार रोख मिळायचा की पाकिटात, ते विचार.’ वृद्धाश्रमातल्या त्या इंग्लिश आजी ‘मला काही आठवत नाही’ म्हणत होत्या. तुम्ही विचारलंत, ‘पोहायला कुठे शिकलात?’ मग त्या थांबेचनात. पंप रूम्समधल्या तलावाचं पाणी, ओले केस घेऊन थंडीत घरी चालत जाणं, वाटेत घेतलेला गरम पाव. आज त्या तलावाच्या जागी वाचनालय आहे. दुसऱ्या दिवशी लेक तिथे गेली आणि पुस्तकं सोडून नुसती छताकडे बघत राहिली.

आणि गुरुद्वाऱ्यातले बाबाजी. तुम्ही आधी दोन वेळा त्यांच्याकडे जाऊन बसलात, त्यांच्या गुडघ्याची विचारपूस केलीत, मगच आम्हाला नेलंत. फोर्डच्या इथल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, त्यांनी आयुष्य घालवलं. ती 2007 मध्ये बंद झाली. माझे वडील कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मोल्डर, म्हणजे साचे करणारे कामगार, होते. त्यामुळे बाबाजी वाळूचे साचे, कोअर, लॅडलमधून ओतला जाणारा लोखंडाचा रस असं सांगू लागले तेव्हा मला काही समजावून घ्यावं लागलं नाही. त्यांनी बाही वर करून मनगटावरचे डाग दाखवले. ठिणग्यांचे छोटे, गोल, पांढरट डाग. माझ्या वडिलांच्या हातावर अगदी तसेच आहेत. मी त्यांना ते सांगितलं, तर बाबाजींनी माझा हात धरला आणि वडिलांची तब्येत विचारली. लेमिंग्टनच्या इतिहासात राणी, इथल्या पाण्याचा गाजावाजा करणारे डॉक्टर जेफसन आणि बड्या मंडळींचं रीजंट हॉटेल येतात, ते यावेतच. पण पंजाबातून येऊन ज्यांनी भट्टीसमोर पाळ्या केल्या, त्यांचाही हा गाव आहे. हे नऊ वर्षांच्या मुलीच्या वहीत लिहिलं गेलं ते तुमच्यामुळे. माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान तेच आहे.

परवा माझ्या वडिलांनी फोनवर बाबाजींचं रेकॉर्डिंग ऐकलं. पंजाबी सगळं कळलं नाही, तरी मधेच थांबवून म्हणाले, ‘हा माणूस कपोला भट्टीवरचा, लोखंड वितळवणारा दिसतोय.’ नंतर तासभर स्वतःच्याच आठवणी सांगत बसले. त्यातलं निम्मं मी कधीच ऐकलं नव्हतं. लेकीने तेही उतरवून घेतलंय.

आता एक तक्रारवजा विनंती. सगळ्यांच्या आठवणी झाल्या, तुमची राहिलीय. नर्सच्या गणवेशात पहिल्यांदा वॉर्डात पाऊल टाकलंत तो दिवस, तुमची पहिली मेट्रन, इकडच्या पहिल्या हिवाळ्यात कुणी दिलेला कोट, यातलं काहीतरी दर वेळी निसटतं ओठांवर येतं आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाचं नाव पुढे करता. लेकीने प्रश्नांची यादी केलीय. पहिलाच प्रश्न डब्याचा आहे.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं येतोय. स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या मी आणते.

तुमची,
प्रश्न विचारणाऱ्या मुलीची आई