मतदाराच्या नावापुढे ‘निरंक’ : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आमच्या महापालिकेच्या प्रारूप विकास आराखड्यावरील हरकतींची सुनावणी झाली. लोकांना विचारल्याशिवाय या आराखड्याची एक रेघही पक्की होणार नाही, असा शब्द आपण आमच्या शहरातील जाहीर सभेत दिला होता. त्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, म्हणून त्या शब्दाचे काय झाले हे आपल्याला कळवणे माझे काम आहे.

आमच्या वसाहतीमागच्या भूखंडावर जुन्या आराखड्यात मैदानाचे आरक्षण होते, ते नव्या आराखड्यात उठवले आहे. कायद्याने दिलेल्या 30 दिवसांच्या मुदतीत मी अकरा पानी हरकत दाखल केली आणि दोन्ही आराखड्यांतील त्या भूखंडाचे नकाशे शेजारी शेजारी चिकटवून तिला जोडले. सुनावणीसाठी सकाळी दहाला बोलावले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही झालेले नसताना 214 क्रमांकाची चिठ्ठी हातात धरून मी दुपारी साडेतीनपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो, कारण बाहेरची दोन बाकडी केव्हाच भरली होती. दाराशी नोंदवही घेऊन बसलेल्या लिपिकाने नाव, पत्ता विचारला आणि मग विचारले, ‘कोणत्या पक्षातर्फे?’ मी म्हणालो, नागरिक म्हणून आलो आहे. त्यांनी ‘पक्ष/संघटना’ या रकान्यात माझ्या नावापुढे ‘निरंक’ असे लिहिले.

आत मला दोन मिनिटे मिळाली. माझ्याआधीचे पक्षाचे पदाधिकारी पंचवीस मिनिटे बसले होते, हे मी दारातून पाहत होतो. माझे नकाशे कोणी उघडले नाहीत. निघताना एक अधिकारी, वाईट हेतूने नव्हे, म्हणाले, ‘काका, हेच एखाद्या पक्षाच्या लेटरहेडवर दिले असते तर बरे झाले असते.’ त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागली नाही. 1980 पासून मी एकही मतदान चुकवलेले नाही, आईच्या तेराव्याच्या दिवशीही केंद्रावर गेलो होतो, आणि आज पासष्टी उलटल्यावर मला कळते की माझ्या मताला किंमत यायला कोणाचा तरी शिक्का लागतो.

मंत्रिमहोदय, हा आराखडा तयार झाला तेव्हा आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते. महापालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे संविधानाचे कलम 243 यू सांगते. तरीही प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात आम्ही जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती राहिलो, आणि 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले. त्या काळात कोणत्या पक्षाने आमच्यासाठी मुदतीत निवडणूक मागितली? सत्तेवर जो येईल त्याला प्रशासक सोयीचाच होता.

आता नगरसेवक आले आहेत. मैदानाबद्दल मी आमच्या नगरसेवकांना भेटलो, तर ते म्हणाले की पक्षाची भूमिका ठरल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. त्यांचेही खरे आहे, कारण स्थानिक संस्थांसाठीच्या 1986 च्या अनर्हता (अपात्रता) कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर पद जाऊ शकते. 1950 च्या संविधानात राजकीय पक्षाचा उल्लेखही नव्हता. तो 1985 मध्ये दहाव्या अनुसूचीने आला, आणि आला तो पक्षांतर रोखण्याच्या नावाने. मग झाले काय? एकट्याने मतदारांसाठी उभे राहणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते, पण विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला तयार झाले तर त्यांना तीच अनुसूची संरक्षण देते. 2022 आणि 2023 मध्ये या राज्यात दोन मोठे पक्ष फुटले, दोन्ही वेळा प्रकरण विधानसभा अध्यक्षांपुढे महिनोन्‌महिने चालले आणि अखेर एकही आमदार अपात्र ठरला नाही. ज्यांनी त्यांना एका चिन्हावर मते दिली, त्यांना कोणी एका ओळीचेही विचारले नाही.

माझी ओळख नोंदवहीत तपासली जाते, पक्षांची मात्र तपासायची नाही. केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 रोजी सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला, त्याचे पालन कोणीही केले नाही. निवडणूक रोख्यांतून कोणी कोणत्या पक्षाला किती देणगी दिली, हे कळायला 15 फेब्रुवारी 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. उमेदवारी कोण ठरवते, हे तर त्या पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यालाही माहीत नसते. आणि अशा बंद दारांमागच्या संस्थांमार्फतच आम्ही बोलावे, अशी आपल्या व्यवस्थेची अपेक्षा आहे.

माझ्या हरकतीची सुनावणी पुन्हा व्हावी आणि ती फेटाळायची असेल तर कारणे लेखी द्यावीत. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, पण आमच्या प्रभागात ती एकदाही भरल्याचे मला आठवत नाही. ती आराखडा मंजूर होण्यापूर्वी भरवावी. नोंदवहीतील तो रकाना काढून टाकण्याचे आदेश द्यावेत, आणि तोवर 214 क्रमांकाच्या ओळीतील ‘निरंक’ खोडून तिथे ‘मतदार’ असे लिहून घ्यावे.

आपला,
एक मतदार