शालीचा रंगसुद्धा कळला, तारेचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरकंडक्टर तारांवर (अतिशय थंड केल्या की ज्या विजेला अजिबात अडवत नाहीत अशा) पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनाची कालची बातमी वाचली. अभिनंदन मुलांचे, आपले नव्हे. दीपप्रज्वलन कोणी केले, शाल-श्रीफळ कोणाला दिले, आभार कोणी मानले हे सगळे तीन कॉलमांत आले. मुलांनी नेमके काय केले यावर एकच वाक्य, आणि तेही चुकीचे: म्हणे या तारा घरोघरी बसल्या की वीजबिल शून्य! अहो, अशा तारा ज्या मिश्रधातूच्या करतात त्या नायोबियम-टायटॅनियमची तार सुमारे उणे २६४ अंशांच्या खाली गेल्याशिवाय तिचा रोध शून्य होत नाही. एमआरआय यंत्रात ती उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या पुढे जातो. हेलियमची टाकी काय पंख्याखाली ठेवायची?

तार म्हणजे सलग एक धातू नव्हे. तांब्याच्या पोटात या मिश्रधातूचे बारीक तंतू असतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुकणांच्या प्रयोगशाळेच्या महायंत्रातल्या तारेत तर हजारो, आणि एकेक तंतू ६-७ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात पट. एखादा कुठे फुगला, कुठे बारीक झाला, तुटला, की वीज वाहून नेण्याची ताकद घटते. ताण्यातला धागा तुटला तर मागावरच्या माणसाला लगेच कळते. इथे सूक्ष्मदर्शकच लागतो. हे तंतू मोजायचे, मापायचे काम चिकाटीचे आहे. पदवीच्या मुलांना ते जमते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या सरांनी अशा तारेचा तुकडा कुठून तरी मिळवून दिला. तिने तो रेझिनमध्ये बसवला, खरखरीत पॉलिश-कागदापासून बारीक पॉलिश-कागदापर्यंत घासला, शेवटी हिऱ्याची पेस्ट. तांबे मऊ, आतले तंतू कडक. हात जरा जड पडला की तांबे पसरून तंतू झाकून टाकते. तिचे पुन्हा पुन्हा तसेच झाले. बोटे काळी, नखे झिजलेली, पण पोरीने सोडले नाही. अखेर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे गोल स्वच्छ दिसले. पण त्या तंतूंत टायटॅनियमचे सूक्ष्म कण असतात, चुंबकीय रेषा त्यांना अडकून राहतात म्हणून तर तार एवढी वीज सोसते. ते कण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा.

तो जिथे होता, तिथल्या साहेबांनी नमुना हातातही घेतला नाही. "पदवीच्या मुलांना नाही. पीएच.डी.ला या, मग बघू." यंत्रावर कव्हर घातलेले होते, वापरात नव्हते. शुल्क भरतो म्हटले, तर अर्जात पदवीचा रकानाच नाही! भाची आता पुण्यात एका कंपनीत लोकांच्या पगाराचे हिशेब करते. बरे चालले आहे तिचे. तक्रार तिची नाही, माझी आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन आणले. छान झाले. पण यंत्राच्या खोलीची किल्ली कोणाकडे? कालच्या मुलांनी नमुने कोणत्या यंत्रावर पाहिले, ते त्यांना कोणी वापरू दिले, हे आपल्या बातमीदाराने विचारले असते तर पुढच्या मुलांना निदान पत्ता तरी कळला असता. की पाहुण्यांच्या जेवणाला उशीर होत होता? फोटोतही मान्यवर पुढे, मुले मागे, निम्म्यांचे चेहरे कापलेले. त्यांनी काढलेले तारेच्या आडव्या छेदाचे छायाचित्र मिळवून छापावे, ही विनंती.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सोलापूर

ता. क. : पाण्याच्या वेळापत्रकातून आमच्या पेठेचे नाव पुन्हा गळले आहे. उद्याच्या अंकात दुरुस्ती द्यावी. रात्रभर नळापाशी जागत बसणे आता या वयात होत नाही.