मुखपृष्ठावर ‘अकॅडमिक रीडिंग’, आत सहलीची वर्णनं

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

विषय : वाचन-पुस्तकाच्या ६० पैकी ५९ प्रती परत घेऊन त्यांची रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी सायन्सला आलेल्या मुलांसाठी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी वाचनाचे जादा तास असतात. कालपर्यंत प्रकाशसंश्लेषण, गतिज ऊर्जा म्हणणाऱ्या मुलांपुढे एकदम फोटोसिंथेसिस आणि कायनेटिक एनर्जी येते. हे शब्द ती पाठ करून टाकतात. अडतात ती त्यांच्या आजूबाजूच्या वाक्यांत. म्हणून तुमचं पुस्तक घेतलं, तेही तुमच्या प्रतिनिधीने दिलेलं नमुना प्रकरण पाहून. भूजलावरचा दोन पानी उतारा, सोबत तक्ता, आणि लेखकाचा दावा कोणता, पुरावा कोणता असा प्रश्न. आम्हाला हवं ते नेमकं हेच होतं.

पुस्तक हातात आल्यावर कळलं, तसं प्रकरण ते एकच. बाकी सगळीकडे सहल, वाढदिवस आणि मॉलमधली खरेदी. एकही उतारा पानभराच्या पुढे जात नाही, तक्ता किंवा आलेख औषधालाही नाही.

मलपृष्ठावर ‘अकॅडमिक वर्ड लिस्टवर आधारित’ असं ठळक छापलं आहे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या यादीत ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यांतले असतात. ‘एव्हिडन्स’, ‘सिग्निफिकंट’, ‘डिराइव्ह’, ‘फॅक्टर’ हे त्यांतलेच. आमच्या मुलांना रोज लागणारे. तुमच्या पुस्तकात अधोरेखित काय आहे? ‘डिलिशस’, ‘सूटकेस’, ‘बर्थडे’! शब्दार्थांची तर कमालच. ‘इन्क्रीज’चा अर्थ ‘ऑगमेंट’ दिला आहे. ज्याला पहिला अडतो, त्याला दुसरा कळणार कसा?

स्वाध्यायाबद्दलही लिहितेच. उताऱ्यात ‘सांडपाण्यामुळे नदी दूषित झाली’ आणि खाली प्रश्न ‘नदी कशामुळे दूषित झाली?’ वर्गातल्या एका मुलाने उतारा न वाचता प्रश्नातला शब्द वर शोधला, ती ओळ उतरवली आणि पैकीच्या पैकी मिळवले. मुलगा हुशार आहे, पण त्याने वाचलं काय?

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, या पुस्तकाला सगळीकडे मागणी आहे.’ असेल. खायचे दात नंतर दिसतात.

प्रतींवर ग्रंथालयाचा शिक्का अजून मारलेला नाही. वर्गात वापरलेली एक प्रत आम्ही विकत घेतली असं समजा. उरलेल्या ५९ तुमच्या खर्चाने न्याव्यात आणि त्यांची रक्कम पंधरा दिवसांत संस्थेच्या खात्यात जमा करावी. बिलाची प्रत सोबत आहे. मुदतीत उत्तर आलं नाही, तर मलपृष्ठाचा फोटो जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. शिवाय यापुढे नमुना पाठवताना अनुक्रमणिका आणि मधली कोणतीही दोन प्रकरणं जोडावीत. ती कोणती, हे आम्ही सांगू.

कळावे,

आपली,
इंग्रजी विषय शिक्षिका